मशीन ओके, ऑपरेटर स्लो

“मशीन खराब आहे का बाई खराब आहे, तेवढं एका ओळीत लिहून द्या जी,” मनोहरभाऊ म्हणाले.

मनोहरभाऊ त्या धान खरेदी केंद्राचे अध्यक्ष. केंद्र अर्जुनी मोरगावपासून थोडं आत, एका तलावाच्या पाळीला लागून. गावाचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं त्यात गावाचा दोष नाही. दोष बराचसा माझा आहे, म्हणून तर लिहायला बसलोय.

माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. गोंदियाच्या बाजारात एका खोलीचं दुकान आहे. जिल्ह्यातल्या पंधरा-सोळा ठिकाणांचं एएमसी माझ्याकडे आहे. एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. मशीन बिघडलं की फोन येतो आणि मी पिशवी उचलून निघतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. इतकी वर्षं झाली की माणसाला वाटायला लागतं, आपण दारातून आत शिरतानाच बिघाड ओळखतो. मलाही तसंच वाटायचं.

डिसेंबर होता, धानाचा सीझन जोरात होता. केंद्राच्या अंगणात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकामागे एक, पार रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. तिथलं काम असं चालतं. शेतकरी धान आणतो, काट्यावर कट्टे मोजले जातात. कट्टा म्हणजे आमच्याकडे धानाचं पोतं. मग आत कॉम्प्युटरवर त्याचा सातबारा, आधार नंबर आणि वजन सरकारी पोर्टलवर चढवायचं. ती एन्ट्री झाली की पावती निघते आणि पुढची ट्रॉली काट्याला लागते. एन्ट्री अडली की काटा अडतो, काटा अडला की रांग अडते. आणि रांगेतल्या माणसाला खिडकीतून एकच गोष्ट दिसते, कॉम्प्युटरसमोर बसलेली बाई.

ती बाई म्हणजे वंदनाताई, केंद्राची ऑपरेटर. चाळिशीची, सावकाश बोलणारी, टायपिंगला मात्र तयार हाताची. तिचा तो सहावा सीझन होता. ऑपरेटरची नेमणूक दर सीझनला नव्यानं होते. सीझनच्या मध्येच काढलं, तर पुढच्या वर्षी तिचं नाव कोणी सुचवत नाही. शेजारच्या केंद्रावरही घेत नाहीत. हे मला चांगलं माहीत होतं. सगळ्या केंद्रांवर फिरतो मी, माहीत नसायला काय झालं.

“एन्ट्री करता करता अटकून राहते साहेब,” ती म्हणाली. “माऊस सरकवला तं बाण मागून येते. अक्षर टाकलं तं थांबून थांबून उमटते.”

“ताई, जरा उठा,” मी म्हटलं आणि तिच्या खुर्चीवर बसलो.

मशीन मीच चार वर्षांपूर्वी बसवलेलं. जुनाच प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि सिस्टीम लिनक्सची. लिनक्स म्हणजे पैसे न देता वापरता येते ती सिस्टीम. केंद्राच्या कामाला पुरून उरते. त्यात मी दोन लॉगिन ठेवले होते. एक ऑपरेटरचं, एक माझं. मी मशीन बंद केलं, डबा उघडला, पंख्यावरची धूळ झटकली. धानाच्या केंद्रावरची धूळ म्हणजे कोंडाच असतो, बोटाला टोचतो. मग मशीन चालू करून सवयीनं माझ्या लॉगिनमधून आत गेलो. पोर्टल उघडलं, तिच्याकडूनच एक एन्ट्री करून घेतली. भर्रकन झाली. अजून एक केली, तीही झाली.

“साहेब, माझ्या लॉगिनमधून पाहा ना एकडाव,” वंदनाताई म्हणाली.

“ताई, लॉगिन दोन असले तरी मशीन एकच असते,” मी म्हटलं.

हे वाक्य मी तेव्हा मोठ्या ऐटीत म्हटलं होतं. परतीची गाडी पावणेदोनची होती आणि मला ती गाठायची होती, हेही खरं.

मनोहरभाऊ दारातच उभे होते. दुपारी समितीची मीटिंग होती आणि दोन सदस्यांनी बाई बदलायचा हेका धरला होता. “मंग उशीर कायचा होते?” त्यांनी विचारलं. मी खांदे उडवले. पॅडवर लिहिलं: ‘मशीन ओके. वेग समाधानकारक. उशीर ऑपरेटरमुळे होत असण्याची शक्यता.’ खाली सही केली, शिक्का मारला. शेवटचं वाक्य मला कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं लिहिलं.

गाडी मिळाली. खिडकीही मिळाली.

चार दिवसांनी मनोहरभाऊंचा फोन आला. आवाज चढलेला होता.

“तुमच्या त्या कागदावर आमी बाईले घरी पाठवलं. काट्यापाशी सगळ्यायसमोर वाचून दाखवला कागद, का बाप्पा मशीनचा काही दोष नाई. आता दुसरा ऑपरेटर आनला, तो तं तिच्याहून धीमा आहे. म्हनते मशीनच अटकते. इकडे आभाळ भरून राहिलं, अर्धा माल उघड्यावर आहे. तुमी येता का दुसरा कोनी पाहू?”

“येतो,” मी म्हटलं.

फोन ठेवला. ऑपरेटर बदलला, बिघाड तसाच राहिला. याचा अर्थ कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी एका बाईच्या पोटावर पाय दिला होता, आणि तोही गाडी चुकू नये म्हणून.

सकाळच्या पॅसेंजरनं पोचलो. दुसऱ्या केंद्रावरून उसना आणलेला ऑपरेटर खुर्चीत अवघडून बसला होता. मला बघून त्याला सुटल्यासारखं झालं. यावेळी मी त्याला उठवलं नाही. स्टूल ओढून शेजारी बसलो आणि म्हटलं, “रोज जसं सुरू करता, तसंच करा.”

त्यानं वंदनाताईचंच लॉगिन वापरलं. पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेला होता. (मी जिथे जिथे जातो, तिथे पासवर्ड कीबोर्डखालीच असतो. बोलून बोलून थकलो.) स्क्रीन उजळली. मधोमध समई होती, एका वातीची. ज्योत हळूहळू हलत होती, अगदी खरी वाटावी अशी. खाली देवीचा टाक आणि घट. चित्र सुंदर होतं. ऑपरेटरनं हात जोडले. काट्यावरचा म्हातारा हमाल तुळशीराम पावत्या घ्यायला आला होता, त्यानंही जोडले. मीही जोडले. मग आम्ही पोर्टल उघडलं, दिवा त्याच्यामागे झाकला गेला, आणि मी बिघाड शोधायला लागलो.

माऊस खरंच अडखळत होता. नाव टाईप केलं की अक्षरं एकेक करून, मोजून मापून येत होती. चार दिवसांपूर्वी एका मिनिटाच्या आत झालेली एन्ट्री आता पाच मिनिटं खात होती.

मी चालू कामांची यादी उघडली. कॉम्प्युटरमध्ये एका वेळी शे-दीडशे लहानमोठे प्रोग्रॅम चालू असतात. कोण प्रोसेसरची किती ताकद खातोय, ते या यादीत टक्क्यांत दिसतं. सगळ्यात वर नाव होतं डिस्प्ले सर्व्हरचं. टक्के अठ्ठ्याऐंशी.

डिस्प्ले सर्व्हर म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. स्क्रीनवर जे काही दिसतं, खिडक्या, अक्षरं, माऊसचा बाण, ते सगळं काढणारा एक प्रोग्रॅम असतो. बाकीचे प्रोग्रॅम त्याला सांगतात, इथे हे काढ, तिथे ते पूस. तो काढतो. एरवी त्याला दोन-तीन टक्के पुरतात. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर तेवढेही लागत नाहीत. अठ्ठ्याऐंशी म्हणजे प्रोसेसरचा जवळजवळ सगळा जीव नुसतं चित्र काढण्यात चालला होता. पोर्टलच्या वाट्याला उरलंसुरलं येत होतं.

“चोर सापडला,” मी मनोहरभाऊंना सांगितलं.

“मंग पकडा लौकर,” ते म्हणाले. त्यांचं लक्ष खिडकीतून आभाळाकडे होतं.

आधी ब्राउझर बंद केला, कारण बहुतेक वेळा तोच फुगलेला असतो. अठ्ठ्याऐंशीचे सत्त्याऐंशी झाले. खिडक्यांच्या सावल्या, उघडताना-मिटताना होणारी सरकासरकी, असले शोभेचे प्रकार बंद केले. काही फरक नाही. स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी केलं, आकडा थोडा उतरला आणि पुन्हा चढला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर तपासला, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर. तो ठीक होता. मॉनिटरची केबल बदलली. डिस्प्ले सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तर लॉगिन झाल्याबरोबर गाडी पुन्हा अठ्ठ्याऐंशीवर. मधूनच माझ्या लॉगिनमध्ये जाऊन बघितलं. तिथे दोन टक्के. तिच्या लॉगिनमध्ये परत आलो, अठ्ठ्याऐंशी.

म्हणजे बिघाड तिच्या लॉगिनमध्ये होता. चार दिवसांपूर्वी तिनं हेच सांगितलं होतं आणि मी तिला मशीन एकच असते म्हणून शिकवलं होतं. स्वतःचीच लाज वाटली.

दीड तास गेला. बाहेर लोक खिडकीला तोंड लावून आत बघत होते. “कायले इतका टाइम लागून राहिला?” एकानं विचारलं. “इंजिनिअर पाहून राहिला,” दुसऱ्यानं सांगितलं. यात माझं कौतुक अजिबात नव्हतं.

मग मी तेच केलं जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं. यादी उलटी वाचली. डिस्प्ले सर्व्हर स्वतःहून काहीच काढत नाही. त्याला कोणीतरी सांगतं तेव्हाच तो काढतो. यादीत वर ज्याचं नाव दिसतं तो राबणारा असतो. त्याला राबवणारा खाली कुठेतरी दोन टक्क्यांत आरामात बसलेला असू शकतो. दीड तास मी राबणाऱ्यालाच चोर म्हणत होतो.

खालून एकेक प्रोग्रॅम थांबवत आलो. प्रिंटरचा थांबवला, आवाजाचा थांबवला, काही नाही. मग एक बारकं नाव आलं, चित्रं दाखवणाऱ्या एका साध्या प्रोग्रॅमचं. टक्के तीन. तो थांबवला.

डिस्प्ले सर्व्हर अठ्ठ्याऐंशीवरून दोनवर आला. माऊसचा बाण बोटाबरोबर पळायला लागला. आणि यादीमागची स्क्रीन काळी झाली, कारण समई गेली होती.

“दिवा विझवला साहेबानं,” तुळशीराम म्हणाला.

उसन्या ऑपरेटरनं खुर्ची मागे सरकवली, याच्याशी आपला संबंध नाही अशी. मनोहरभाऊंनी खिडकीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मला आधी काही समजलंच नाही. मी दोन टक्क्यांच्या आनंदात होतो.

“अहो, हाच तर होता,” मी म्हटलं. “हा दिवा.”

“हा म्हनजे?”

मग समजावून सांगितलं. स्क्रीनवरची ज्योत हलते, कारण ती पंचवीस-तीस वेगवेगळी चित्रं आहेत. एक पुसायचं, दुसरं काढायचं, असं सेकंदाला कितीतरी वेळा. चित्र स्क्रीनभर मोठं. त्यात या मशीनला कार्ड नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर. पुढे पोर्टल उघडलेलं असलं, दिवा दिसत नसला, तरी मागे त्याचं पुसणं-काढणं चालूच. सकाळी मशीन लावल्यापासून संध्याकाळी बंद करेपर्यंत.

“पैले लावा तो,” तुळशीराम म्हणाला.

“अरे बाबा, पण त्याच्यानंच तर...”

“आदी लावा साहेब. मंग सांगा काय सांगाचं ते.”

लावला. अठ्ठ्याऐंशी. तसाही एकदा लावून बघायचाच होता, खात्री करायला. नियमाप्रमाणे पुन्हा बंद करून पुन्हा लावायला हवा होता. पण तुळशीरामकडे बघून मी तो विचार सोडून दिला.

हा दिवा तिथे आला कुठून, ते मनोहरभाऊंकडून काढून घ्यायला वेळ लागला. केंद्रात हमाल मंडळी दर नवरात्रात घट बसवायची. ऑफिसच्या कोपऱ्यात नऊ दिवस अखंड दिवा. आदल्या वर्षी ठिणगी उडून शेजारच्या बारदान्यानं, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यानं, पेट घेतला. लगेच विझला, पण समितीनं ठराव केला की यापुढे केंद्रात आग नको. हमाल नाराज झाले. दिव्याशिवाय घट कसा बसवायचा? मग तोडगा निघाला. घट कोपऱ्यात बसेल आणि दिवा कॉम्प्युटरवर जळेल. वंदनाताईनं मोबाईलवर व्हिडिओ बघून, दोन दुपारी खर्ची घालून, एकटीनं ती समई स्क्रीनवर बसवली. तिच्या लॉगिननं मशीन चालू झालं की दिवा आपोआप लागावा, अशी सोयसुद्धा केली. माझ्या दुकानात ठेवलेल्या माणसालाही हे पटकन जमणार नाही.

नवरात्रात तिची नेमणूक झाली होती, पण धान यायला लागलं नव्हतं. दिवसाला चार कागद टाईप व्हायचे. मशीन जड झालंय हे कोणाला जाणवलंच नाही. दसऱ्याला घट उठले. खऱ्या दिव्यातलं तेल संपतं, तो आपला आपण शांत होतो, त्याला कोणी फुंकर मारत नाही. या दिव्याचं तेल संपणार कुठून? दिवा तसाच राहिला. हमाल रोज सकाळी पहिला कट्टा उचलायच्या आधी येऊन त्याच्या पाया पडायला लागले. नोव्हेंबरात धान यायला लागलं आणि मशीन अडखळायला लागलं.

“म्हनजे चूक तिचीच झाली,” मनोहरभाऊ हळूच म्हणाले. बहुतेक त्यांना यातून सुटायचा रस्ता दिसला होता.

“दिवा कॉम्प्युटरवर लावा, असं कोण म्हणालं होतं?” मी विचारलं.

तुळशीराम म्हणाला, “भाऊच म्हनले होते.”

“हव, मीच म्हटलं होतं,” मनोहरभाऊ म्हणाले. मोठेपणा त्यांचा, की त्यांनी नाकारलं नाही.

आता प्रश्न एवढाच उरला होता की दिवा काढायचा कोणी. माझ्यासाठी ते एक बटण होतं. पण मनोहरभाऊंनी हात लावला नाही, ऑपरेटरनं तर हात खिशातच घातले, आणि मी माऊस उचलला तशी खिडकीतली डोकी वाढली. “जिनं बसवला, ती उठवन,” तुळशीराम म्हणाला. घटाची रीतच तशी आहे. मी फारसा देवभोळा नाही. पण सकाळी त्याच दिव्याला मीही हात जोडले होते, दीड तास त्याच्यासमोर बसून त्याच्यावर संशय घेतला नव्हता. कोणत्या तोंडानं त्यांना शहाणपण शिकवणार?

“बोलवा तिला,” मी म्हटलं.

“तुमीच करा फोन,” मनोहरभाऊ म्हणाले. “माझा नाई उचलनार ते.”

मी केला. तिनं उचलला. मी काय काय झालं ते सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “येतो.” आमच्याकडे बायाही ‘येतो’ म्हणतात, पण तिचा तो ‘येतो’ मला कडक वाटला.

वीस मिनिटांनी स्कूटीवरून आली. अंगणातून येताना रांगेतल्या कोणाकडे बघितलं नाही. आत आली, उभीच राहिली.

“वंदना, काढ बापा तो दिवा,” मनोहरभाऊ म्हणाले. “अन् बस खुर्चीवर. झालं गेलं सोड.”

“कसं सोडू भाऊ?” ती म्हणाली. आवाज बिलकुल चढलेला नव्हता. “चार दिवस झाले, पोरगी शाळेतून येऊन विचारते, आई, तुले धीमी म्हनून काढलं का? गावात सगळे तेच विचारून राहिले. कागद काट्यापाशी वाचला ना तुमी? मंग आता दुसरा कागदबी तिथंच वाचा. ज्यानं लिहिला त्यानं वाचावा.”

मनोहरभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी पॅड काढलं आणि लिहायला लागलो. ‘फेरतपासणीत असे आढळले की, स्क्रीनवरील हलत्या चित्रामुळे डिस्प्ले सर्व्हरवर ताण येऊन मशीनचा वेग मंदावला होता. ऑपरेटरची चूक आढळून आली नाही.’ तिच्या हातात दिलं.

तिनं सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“चूक आढळली नाई म्हनजे, होती पन सापडली नाई, असं वाटते. कोनाची होती ते लिहा ना.”

मी खरं सांगतो, राग आला. सव्वीस वर्षांत कोणी माझा रिपोर्ट दुरुस्त केला नव्हता. पण तिचं म्हणणं बिनतोड होतं. ती ओळ खोडली. खाली लिहिलं: ‘पहिली तपासणी ऑपरेटरच्या लॉगिनमधून करायला हवी होती. ऑपरेटरने तसे सांगितले होते. तपासणाऱ्याने ऐकले नाही. आधीचा रिपोर्ट चुकीचा आहे.’

काट्यापाशी गेलो. मनोहरभाऊंनी लोकांना गप्प केलं. मी वाचलं. डिस्प्ले सर्व्हर वगैरे कोणाच्या डोक्यात शिरलं असेल असं वाटत नाही, पण शेवटची चार वाक्यं सगळ्यांना नीट समजली. ट्रॉलीवर बसलेला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “म्हनजे हा कॉम्प्युटरवालाच धीमा होता.” अंगणभर हशा पिकला. वंदनाताई हसली नाही, पण तिनं पहिल्यांदा रांगेकडे तोंड करून बघितलं.

मग ती आत जाऊन खुर्चीवर बसली. तुळशीराम आणि दोघं हमाल दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता नमस्कार होईल आणि दिवा जाईल. तिनं वेगळंच केलं. त्या पंचवीस-तीस चित्रांतलं एक निवडलं, ज्यात ज्योत सरळ उभी होती, आणि तेवढंच स्क्रीनवर कायमचं लावून टाकलं. हलणारा प्रोग्रॅम बंद केला. समई जागेवर राहिली, फक्त ज्योत हलायची थांबली.

“निवांत जळनारा दिवा चांगला,” ती तुळशीरामला म्हणाली. “वारा लागला तं ज्योत हलते. आता नाई लागत.”

तुळशीरामनं जवळ येऊन नीट निरखलं. मान हलवली. हात जोडून काट्याकडे गेला.

एकच स्थिर चित्र म्हणजे डिस्प्ले सर्व्हरला एकदाच काढायचं काम. यादीत आकडा दोनवर होता. मी चार एन्ट्र्या होईपर्यंत शेजारी स्टुलावर बसून बघितलं. तिचे हात इतके भराभर चालत होते की मध्ये एकदा तिनंच काट्यावाल्याला लवकर वजन पाठवायला सांगितलं. उसना ऑपरेटर माझ्याच गाडीनं परत गेला. संध्याकाळपर्यंत अंगण रिकामं झालं, माल गोदामात गेला, असा मनोहरभाऊंचा फोन आला. पाऊस मात्र पडलाच नाही.

तेव्हापासून मी रिपोर्टच्या छापील फॉर्मवर दोन रकाने वाढवले आहेत. एक, ‘कोणाच्या लॉगिनमधून तपासलं’. दुसरा, ‘तपासणीच्या वेळी हजर ऑपरेटरची सही’. आता मी खुर्चीवर बसत नाही, स्टुलावर बसतो. परतीची गाडी चुकली तर चुकते.

त्या दिवशी निघताना हे रकाने नव्हतेच. त्याच कागदाच्या तळाला मी पेनानं रेघ ओढली आणि तिला म्हटलं, “ताई, इथे सही करा.”

“माझी सही कायले?”

“तपासताना तुम्ही हजर होत्या म्हणून.”

“हजर तं मी पैल्या दिवशीबी होतो,” ती म्हणाली, आणि सही करून पुढच्या माणसाचा सातबारा मागितला.